चार नंबरचा डबा

१

माण गावात ओढ्याच्या काठाला एक चार मजली कॉम्प्लेक्स आहे. खाली डोशाचं हॉटेल, केकचं दुकान, औषधांचं दुकान; वर लहान लहान कंपन्यांची ऑफिसं. इमारतीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून कचऱ्याचे सहा हिरवे डबे ओळीने उभे असतात. डबे म्हणजे घरातले नव्हेत. छातीइतके उंच, चार चाकांचे, एकट्या माणसाला ढकलवणार नाहीत असे.

या सगळ्याची देखभाल हेमलताकडे होती. हेमलता मूळची विट्याची. वय बेचाळीस, एकटी, माणमध्येच एका शेतकऱ्याच्या इमारतीत भाड्याच्या खोलीत राहायची. रोज सकाळी सातला तिची फेरी सुरू व्हायची: पंपाची खोली, पार्किंग, प्रत्येक मजल्यावरची स्वच्छतागृहं आणि शेवटी मागचे डबे. डब्यांशी ती जरा जास्त वेळ थांबायची. कचरा बघून आदल्या दिवशी इमारतीत काय काय झालं ते तिला कळायचं. पिझ्झाची खोकी दिसली की तिसऱ्या मजल्यावर कामाची घाई आहे. टेबलावरचं सुकलेलं झाड आणि नाव लिहिलेला मग एकाच पिशवीत दिसला की कुणाची तरी नोकरी गेली.

तिच्याही आधी तिथे रंभाबाई आलेली असायची. सत्तरीची, नऊवारी खोचलेली, अंगाने काटक. रंभाबाई गरीब होती म्हणून कचऱ्यात हात घालायची असं मात्र नव्हतं. मागच्या आळीत तिच्या मुलाची तीन मजली इमारत होती, वीस खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या. घोटावड्याच्या बाजूला अजून दीड एकर रान शिल्लक होतं आणि त्या रानाच्या उकिरड्यासाठी ती ओलं वेचून न्यायची. नेता नेता सगळंच निवडून ठेवायची. पिशवीची गाठ ती कधी फाडायची नाही. नखाने सोडवायची, आतलं निवडायची, रिकाम्या पिशवीची चौकोनी घडी घालायची. पुठ्ठे एका अंगाला, बाटल्या उभ्या.

"मावशी, मुलगा चिडत नाही का?" हेमलताने एकदा विचारलं होतं.

"चिडतुया की," रंभाबाई म्हणाली होती. "पर असं समदं एकात एक झालेलं मला बगवत न्हाई."

२

पावसाळा संपता संपता बाहेरच्यांचा त्रास सुरू झाला. संध्याकाळी टेम्पो येऊन कुठल्या तरी खानावळीचं खरकटं डब्यात ओतून जायचा. एकदा कुणी कोंबड्यांची पिसं आणि आतडी टाकली. दुसऱ्या दिवशी केकच्या दुकानात माश्या झाल्या आणि इमारतीचा मॅनेजर कौस्तुभ याने डब्यांना कुलपं लावायचं ठरवलं.

झाकणातच बसणारी कुलपं होती ती. सहा डब्यांना मिळून एकच किल्ली आणि तिची एक जोडकिल्ली. एक हेमलताकडे, दुसरी गेटवर दयानंदकडे. तो परभणीचा, तिथे वॉचमन होता. संध्याकाळी सातला कुलूप, सकाळी सातला उघडायचं. दिवसा डब्यांशी एक माणूस उभा.

ज्या शनिवारी कुलपं बसली त्या दिवशी रंभाबाईला सांगायला हवं हे हेमलताच्या मनात आलं होतं. सकाळी ती समोर होती तेव्हा सांगता आलं असतं. पण कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून तिने ते सोमवारवर टाकलं. रविवारी हेमलताची सुट्टी असायची.

सोमवारी रंभाबाई आली नाही. मंगळवारीही नाही. कुणी तरी आधीच सांगितलं असेल, राग आला असेल, असं हेमलताला वाटलं. खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं.

३

पुढच्या सोमवारी सकाळी तिने कुलपं उघडली. पहिले तीन डबे नेहमीसारखे, काळ्या पिशव्यांनी भरलेले. चौथ्याचं झाकण उचललं आणि तिचा हात तसाच वर राहिला.

डबा निवडलेला होता.

एका अंगाला ओलं: डोशाच्या हॉटेलातल्या नारळाच्या शेंड्या, भाज्यांची देठं, चहाचा चोथा. दुसऱ्या अंगाला पुठ्ठे, दुमडून. कोपऱ्यात बाटल्या उभ्या. आणि सगळ्यांवर काळ्या पिशव्यांच्या चौकोनी घड्या, एकावर एक. पिशव्या फाटलेल्या नव्हत्या. गाठी सोडवलेल्या होत्या.

हेमलता विचार करणारी बाई होती. तिने आधी दयानंदला विचारलं.

"किल्ली माझ्या खिशात होती, मॅडम," तो म्हणाला. "रात्रभर इथंच होतो."

"रंभाबाई आली होती?"

"नाही." हे सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिला ते जाणवलं, पण तिने त्याचा वेगळाच अर्थ लावला. म्हातारीवर दया येऊन यानेच कुलूप उघडून दिलं असणार. तसं असेल तर तिलाही ते चालणार होतं. त्या संध्याकाळी तिने दयानंदकडची जोडकिल्ली मागून घेतली, ती केवळ खात्रीसाठी. दोन्ही किल्ल्या उशाखाली ठेवून झोपली.

मंगळवारी सकाळी चार नंबरचा डबा पुन्हा निवडलेला होता.

कौस्तुभने ते पाहिलं आणि खूश झाला. "हेमलता मॅडम, हे बेस्ट आहे. बाकीच्या पाच डब्यांचंही असंच करून घ्या ना."

"मी नाही केलं, सर."

"मग ज्यांनी केलं त्यांना सांगा," तो म्हणाला आणि फोन कानाला लावून निघून गेला.

४

तिने कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागवलं. दुपारी ऑफिसात पंख्याखाली बसून सोमवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ, बारा तास, पुढे पळवत पाहिले. डबे, भिंत, वरचा दिवा. माणूस एकही आला नाही. झाकणही उचललं गेलं नाही.

कुत्री मात्र आली. नऊच्या सुमारास एक, मग दुसरं, मग तिसरं. ओढ्यावरची ही कुत्री एरवी डब्यांभोवती हुंगत, भांडत फिरायची. आता ती चार नंबरच्या डब्यासमोर बसली. डब्याला चिकटून नव्हे, पाचसहा हात लांब, एका ओळीत. भुंकली नाहीत, हलली नाहीत. मालकीण भाकरी करत असताना कुत्री चुलीपासून जितक्या अंतरावर बसतात तितक्या अंतरावर, आणि तशीच वाट बघत. पहाटे पाचला एकदम उठली आणि गेली.

हेमलताने रेकॉर्डिंग बंद केलं. उंदीर असतील, घुशी असतील, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. घूस पिशवी कुरतडेल. गाठ कशी सोडवेल, घडी कशी घालेल? 

जाताना तिने दयानंदला गाठलं. या खेपेला तिने त्यालाच बोलू दिलं.

"त्या रविवारी आली होती ती," तो शेवटी म्हणाला. "कुलपं लावल्याच्या दुसऱ्या दिवशी. झाकण उघडंना. चार नंबरच्या डब्याला धरून, चाकावर पाय देऊन वर व्हायला गेली. डबा सरकला. मी पळत येईस्तोवर पडली होती. मुलगा येऊन घेऊन गेला. मॅनेजर साहेब म्हणाले, उगीच कुणाला सांगू नको."

५

रंभाबाईचं घर शोधावं लागलं नाही. खाली पार्किंगमध्ये भाडेकरूंच्या दुचाक्या, पहिल्या मजल्यावर घरच्यांची राहती जागा. सुनेने, रेश्माने, दार उघडलं.

"या ना मॅडम, बसा. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, पण उठवत नाही. कूससुद्धा आम्हीच बदलतो." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आमचे हे, शेखर, तर म्हणत होते, कुलपं लावली ते बरंच झालं. लोक बोलायचे. पण आता वाटतं, जात होत्या तेव्हा बऱ्या होत्या."

आतल्या खोलीत खिडकीशी पलंग होता. उतरतं ऊन पायांवर आलेलं. रंभाबाई निजली होती आणि चादरीवर तिचे हात चालले होते. हेमलता दारातच थांबली. उजव्या हाताची बोटं हवेत काही तरी सोडवत होती, चिमटीत धरून, हळूच. मग दोन्ही हात एकत्र येऊन घडी घालत होते. एकदा, दोनदा, वरून तळहात फिरवून.

"झोपल्या की असंच," रेश्मा म्हणाली. "आणि मॅडम, हे बघा." तिने सासूचा हात अलगद उलटा केला. नखांत काळं साचलं होतं. "मी रोज सकाळी साबणाने धुते. या पलंगावरून हलत नाहीत. कुठून येतं, सांगा."

हेमलताने वाकून पाहिलं. तो वास तिने अंधारातही ओळखला असता. चहाचा चोथा.

६

रंभाबाईने डोळे उघडले तेव्हा रेश्मा चहा टाकायला गेली होती.

"आलीस व्हय," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"मावशी, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

"आता काय त्याचं." तिने मान हेमलताकडे वळवली. "तू बगितलंस न्हवं? नीट हुतंय का?"

हेमलता पलंगाच्या आणखी जवळ सरकली. "काय नीट होतंय, मावशी?"

"निवडनं. अंदार हाय लई. हाताला लागंल तसं करायचं." तिने हात वर करून स्वतःच्याच बोटांकडे पाहिलं. "आन् एकटी असती तर लवकर झालं असतं. त्याला शिकवत बसावं लागतंय."

"कुणाला?"

"हाय तितं कोन तरी. आदीपास्नंच हाय. मी रोज झाकान उगडायची तवा दिसायचं न्हाई, उजेडाला तळाशी जात आसंल." रंभाबाई हे शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलत होती. "त्याला काय बी कळत न्हाई. समदं एकात एक करून ठेवायचं. आता गाठ सोडाय शिकलंय. हात चांगला चालतोय त्याचा."

"मावशी, हात गार लागतो का?" हेमलताने विचारलं. आपण हे का विचारतोय ते तिलाच समजलं नाही.

"न्हाई गं. ऊन. ताप आल्यावानी." म्हातारीने डोळे मिटले. मग झोपेत शिरता शिरता म्हणाली, "बोटं लई हायेत त्याला."

रेश्मा चहा घेऊन आली. हेमलता तो उभ्यानेच प्यायली. रस्त्यावर आल्यावर तिने स्वतःला समजावलं. पडलेली म्हातारी, ऑपरेशन, गुंगीची औषधं, डोक्यात तोच डबा. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. नखांतल्या चोथ्याबद्दल मात्र एकही वाक्य जुळेना.

७

त्यानंतर ती रोज कामावरून सुटली की तिकडे जाऊ लागली. डब्याबद्दल पुन्हा दोघी बोलल्या नाहीत. हेमलता तिच्या पायांना तेल लावायची. रंभाबाई तिला कुठल्या रानात काय पेरलं होतं ते सांगायची, आणि त्या जागी आता कुठली कंपनी आहे ते हेमलता सांगायची. सकाळी चार नंबरचा डबा निवडलेला असायचा. हेमलता उघडून बघायची आणि कचऱ्याची गाडी येईपर्यंत झाकण लावून ठेवायची. भीती तर होतीच. पण म्हातारीचं काम चालू आहे, म्हणजे म्हातारी आहे, असंही तिला वाटू लागलं होतं.

बाराव्या दिवशी रंभाबाई गेली. दुपारी, झोपेत. रेश्मा म्हणाली, हात तेवढे शेवटपर्यंत चालत होते, मग चादरीवर सपाट पडले.

दुसऱ्या दिवशी चार नंबरचा डबा बाकीच्या पाचांसारखाच होता. पिशव्या बांधलेल्या, जिथे टाकल्या तिथे पडलेल्या. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशीही. हेमलता डब्याशी उभी राहून थोडी रडली. जे काही होतं ते रंभाबाईबरोबर गेलं, असं ती धरून चालली.

पाचव्या दिवशी गाठी सुटलेल्या होत्या.

सगळ्याच गाठी. पिशव्यांच्या, आणि तिथे न थांबता बाकीच्याही. एका जुन्या बुटाची नाडी काढून सरळ करून ठेवली होती. झेंडूच्या हाराचा दोरा एकीकडे आणि फुलं पाकळी पाकळी सुटी. मोडका झाडू काडी काडी करून लांबीप्रमाणे मांडलेला. फरशी पुसायचा मॉप सुताच्या एकेका धाग्यापर्यंत उलगडलेला. कानात घालायच्या हेडफोनची वायर सोलून आतली केसासारखी तांब्याची तार तारेपासून वेगळी. ओलं आणि सुकं मात्र एकात एक कालवलेलं.

कुणी तरी अर्धंच शिकलं होतं, आणि कुठे थांबायचं ते सांगायला आता कुणी नव्हतं.

त्याच सकाळी दयानंदने सांगितलं की ओढ्यावरची तीन कुत्री हल्ली येत नाहीत. हेमलताने ते ऐकून घेतलं. डब्यात पुन्हा बघायला ती गेली नाही, आणि गाडी डबा रिकामा करत असताना तिने तोंड फिरवून ठेवलं.

८

हेमलता आजही त्याच नोकरीत आहे. बाणेरला जास्त पगाराची, एसी ऑफिसातली जागा चालून आली होती. ती नको म्हणाली. रविवारची सुट्टीही ती घेत नाही. कौस्तुभला याचं नवल वाटतं. गाठी सुटलेल्या दिसल्या त्यानंतरच्या सोमवारी काय झालं ते त्याला माहीत नाही.

सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होतं. डब्यांशी उभं राहणाऱ्या माणसाला तिने पंपाच्या खोलीकडे पाठवलं. चार नंबरचं झाकण पूर्ण न उघडता वीतभर उचललं. आत अंधार, आणि तोंडावर येणारी आंबूस ऊब. वरच पुठ्ठ्यात गुंडाळलेली एक काचेची बाटली होती. तिने हात घालून ती पुठ्ठ्यातून काढली आणि आतच कडेला उभी ठेवली. मग, स्वतःचाच आवाज तिला परका वाटत असताना, म्हणाली, "काच इकडे."

बराच वेळ काही झालं नाही. रस्त्यावरून बस गेली. मग खालचे पुठ्ठे किंचित हलले आणि तिच्या बाटलीशेजारी दुसरी बाटली उभी राहिली. कुणी ठेवली ते दिसलं नाही. पुठ्ठ्याच्या कडेला काही तरी बारीक, फिकट, खूप असं, आत जाताना तेवढं दिसलं.

तिने हात मागे घ्यायला हवा होता. त्याआधीच तिच्या हाताला ऊब लागली. करंगळीच्या टोकापासून सुरुवात झाली. प्रत्येक पेरावर ते थांबत होतं, चिमटीत धरून, हळूच, न दुखवता. दुसरं पेर, तिसरं पेर, मग पुढचं बोट. रंभाबाईच्या पलंगाशी जे तिने रोज पाहिलं होतं तेच हे होतं. ते गाठ शोधत होतं.

हेमलता ओरडली नाही. ती म्हणाली, "नाही. हे नाही सोडवायचं. हे असंच असतं."

मनगटाशी आलेली ऊब थबकली. मग तिची पाचही बोटं एक एक करून मिटली गेली, मूठ झाली, मुठीवरून काही तरी सपाट फिरलं, आणि तो हात घडी घातल्यासारखा तिच्याकडे परत सरकवला गेला.

तेव्हापासून ती रोज दहाला तिथे जाते. दहा मिनिटं झाकण वीतभर उचलून बोलत उभी राहते. काय सोडवायचं, काय नाही. ते ऐकतं. डबा हल्ली सुरेख निवडलेला असतो आणि इतर इमारतींचे लोक बघायला येतात.

मागच्या महिन्यात विट्याला भावाच्या मुलीचं लग्न होतं. टाळता येईना. ती फक्त दोन दिवस गेली आणि पहाटेच्या गाडीने परत येऊन थेट मागच्या अंगाला पोचली. चार नंबरच्या डब्यासमोर सिमेंटवर झाकणाच्या बिजागरीचे बोल्ट मांडलेले होते. प्रत्येकाशेजारी त्याचा नट, लहानापासून मोठ्यापर्यंत, सरळ ओळीत. ओळ भिंतीच्या कडेने पुढे गेली होती. बोल्ट संपल्यावर पंपाच्या खोलीच्या दाराच्या कडीचे स्क्रू होते, मग नळाच्या चकत्या, मग वॉचमनच्या खुर्चीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, एकेक सुटी. खुर्चीचा नुसता सांगाडा उरला होता. दयानंद नव्हता.

हेमलताने मागे वळून डब्याकडे पाहिलं. झाकण पुढच्या बाजूला लोंबत होतं, कुलपाच्या आधाराने. कुलूप लागलेलंच होतं.